जुने अल्बम, नवी आवृत्ती आणि बोनस ट्रॅक: खान्देशातल्या रॉकवाल्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कुठल्यातरी बँडचे सुरुवातीचे अल्बम पुन्हा निघणार अशी बातमी आली रे आली की जळगाव, भुसावळ, धुळे, शिरपूर, चाळीसगाव सगळीकडून तेच तेच प्रश्न येतात. कुणी हॉस्टेलवरून विचारतं, कुणी लग्नात जेवायच्या पंगतीत विचारतं. तर एकदाचं सगळं लिहून काढलंय. उदाहरणं बहुतेक लेड झेपलिन, बीटल्स, पिंक फ्लॉइड आणि मेटॅलिका यांचीच आहेत, कारण आपल्याकडं विचारणारे पण यांचेच जास्त.

भो, रीइश्यू, रीमास्टर, रीमिक्स हे सगळं एकच ना?

नाही ना भो. रीइश्यू म्हणजे जुना अल्बम परत बाजारात आणला, बस. नुसतं कव्हर नवं छापलं तरी तो रीइश्यूच. रीमास्टर म्हणजे जे फायनल मिक्स तेव्हा ठरलं होतं त्याच्याच टेपवरून आवाज नव्यानं नीट केला, खर्ज-तार, लेव्हल वगैरे, पण गिटार डावीकडं होती ती डावीकडंच राहणार. रीमिक्सला मात्र मूळ मल्टीट्रॅक टेपपर्यंत मागं जावं लागतं, तिथं ड्रम वेगळे, गाणं वेगळं असं असतं, आणि मग सगळं नव्यानं मांडतात. बीटल्सच्या २०१७ नंतरच्या मोठ्या पेट्यांत (म्हणजे बॉक्स सेटमध्ये) जाइल्स मार्टिननं रीमिक्स केलंय, आणि झेपलिनच्या २०१४-१५ च्या आवृत्त्यांत त्यांचाच गिटारवाला जिमी पेजनं रीमास्टर केलंय. बोनस ट्रॅक, म्हणजे मूळ अल्बममध्ये नसलेलं जास्तीचं गाणं, ही तिसरीच गोष्ट, त्याचा या दोघांशी संबंध असेलच असं नाही.

मग हे बोनस ट्रॅक येतात कुठून? इतकी वर्षं लपवून ठेवले होते का?

लपवून कमी, पडून जास्त.

मुळात एलपीच्या, म्हणजे मोठ्या तबकडीच्या, एका बाजूला साधारण २० ते २२ मिनिटं चांगल्या आवाजात बसतात, त्याहून जास्त कोंबलं तर खाचा बारीक होतात आणि आवाज मरतो. म्हणजे दोन्ही बाजू धरून चाळीस-पंचेचाळीस मिनिटं, आणि बँडनं रेकॉर्ड केलेलं त्याहून जास्त असतं. मग काही गाणी सिंगलच्या, म्हणजे एकेका गाण्याच्या छोट्या तबकडीच्या, मागच्या बाजूला जातात त्याला बी-साइड म्हणतात, काही अर्धवट राहतात, काही एकाच गाण्याची दहा-दहा टेक असतात, म्हणजे तेच गाणं दहादा वाजवून रेकॉर्ड केलेलं. पुढं सीडी आली, तिच्यात ७४ मिनिटं बसायला लागली आणि कंपन्यांच्या लक्षात आलं की जुना अल्बम टाकून पण अर्धा तास रिकामाच राहतोय. बोनस ट्रॅकचं पीक तिथून आलं.

त्यात पण जपानचं प्रकरण वेगळं. तिथं सीडीची किंमत कंपनी ठरवते आणि दुकानदार ती कमी करू शकत नाही, त्यामुळं बाहेरून आयात केलेली सीडी तिथल्या सीडीपेक्षा स्वस्त पडायची. मग तिथल्या माणसानं तिथलीच सीडी घ्यावी म्हणून एखादं जास्तीचं गाणं टाकायची पद्धत पडली. जपानी प्रतीवर बाजूला जी कागदाची पट्टी असते तिला ओबी म्हणतात, आणि तेवढ्या पट्टीसाठी जास्तीचे पैसे मोजणारे लोक आहेत. आहेत म्हणजे आपल्यात पण आहेत, नावं घेत नाही.

डेमो, आउटटेक, अल्टरनेट टेक, रफ मिक्स यातलं काय चांगलं? यादी वाचून काही कळत नाही.

हे नीट वाचा, पैसे इथंच वाचतात.

डेमो म्हणजे गाणं स्टुडिओत नेण्याआधी घरी किंवा साध्या मशीनवर केलेलं कच्चं रेकॉर्डिंग. आउटटेक म्हणजे स्टुडिओत केलं पण अल्बममध्ये घेतलं नाही ते. अल्टरनेट टेक म्हणजे तेच गाणं, दुसऱ्यांदा वाजवलेलं. रफ मिक्स म्हणजे वाजवलेलं तेच, फक्त त्या दिवशी घरी जाऊन ऐकायला घाईत काढलेलं मिक्स. आणि इन्स्ट्रुमेंटल म्हणजे बऱ्याचदा नुसता गाण्यावरचा आवाज बंद केलेला असतो, त्यात फार हुरळून जाऊ नका.

माझ्या मते क्रम असा: कधीच न ऐकलेलं पूर्ण गाणं पहिलं, मग घरचे डेमो, मग खरंच वेगळी टेक, मग लाइव्ह, आणि रफ मिक्स सगळ्यात शेवटी. यावर धुळ्याची मंडळी भांडतात, त्यांना लाइव्ह वर पाहिजे असतं. भांडू देत.

डेमो वर का ठेवले, तर बीटल्सच्या व्हाइट अल्बमची २०१८ ची आवृत्ती ऐका. ऋषिकेशहून परत आल्यावर मे १९६८ मध्ये जॉर्ज हॅरिसनच्या ईशर इथल्या बंगल्यात त्यांनी टेपवर गाणी करून ठेवली होती, ती २७ गाणी त्या पेटीत एकत्र आहेत. हातात गिटार, कुणीतरी मांडीवर ठेका धरलाय, कुणी मागून हसतंय, आणि गाणं अजून पूर्ण झालेलं नाहीये. स्टुडिओत जाऊन त्या गाण्यांचं काय झालं हे आपल्याला माहिती असतं म्हणून तर ते ऐकायला मजा येते. तसंच २०२२ च्या रिव्हॉल्व्हरमध्ये ‘यलो सबमरीन’ची कामाची टेप आहे, त्यात जॉन लेनन ते गाणं एकदम उदास करून गातो, लहान पोरांचं गाणं वाटतच नाही. त्याच पेटीत ‘रेन’ची एक टेक खऱ्या वेगात दिलीय, मूळ गाण्यात त्यांनी वाद्यं जलद वाजवून टेप हळू केली होती, म्हणून तो आवाज असा जड, ओला लागतो. हे एकदा ऐकलं की मूळ गाणं पण वेगळं ऐकू येतं. बोनस ट्रॅकचं काम हेच.

लेड झेपलिनच्या पेट्यांत नवीन गाणी इतकी कमी का निघाली? आम्ही केवढी वाट पाहिली होती.

वाट सगळ्यांनीच पाहिली. जून २०१४ मध्ये पहिले तीन अल्बम आले, ऑक्टोबरमध्ये चौथा आणि ‘हाउसेस ऑफ द होली’, फेब्रुवारी २०१५ मध्ये ‘फिजिकल ग्राफिटी’, आणि जुलैच्या शेवटी बाकीचे तीन. प्रत्येकासोबत जोडीला जास्तीची डिस्क. आणि उघडून बघितलं तर बरंचसं रफ मिक्स आणि अल्टरनेट मिक्स.

पण थोडा हिशोब केला असता तर हे आधीच कळलं असतं. १९७५ ला ‘फिजिकल ग्राफिटी’ डबल अल्बम काढला तेव्हा त्यांनी आधीच्या अल्बमची उरलेली गाणी त्यातच वापरून टाकली होती. तिसऱ्या अल्बमच्या वेळचं ‘ब्रॉन-यर-ऑर’, चौथ्याच्या वेळचं ‘नाइट फ्लाइट’ आणि ‘डाउन बाय द सीसाइड’, आणि ‘हाउसेस ऑफ द होली’ हे गाणं तर त्याच नावाच्या १९७३ च्या अल्बममध्ये नव्हतंच, ते इथं आलं. मग त्यांचा ड्रमवाला जॉन बॉनहॅम वारल्यावर १९८२ मध्ये ‘कोडा’ निघाला, तो तर सगळा उरल्यासुरल्याचाच. दोनदा कपाट झाडून झाल्यावर तिसऱ्यांदा काय मिळणार?

तरी पण काही सापडलं. दुसऱ्या अल्बमसोबत ‘ला ला’ नावाचा वाद्यांचा तुकडा, तिसऱ्यासोबत ‘जेनिंग्ज फार्म ब्लूज’, ‘प्रेझेन्स’सोबत एक लांबलचक विचित्र नावाचा पियानोचा तुकडा जो ऐकून झेपलिन वाटतच नाही. पहिल्या अल्बमसोबत तर स्टुडिओतलं काही न देता ऑक्टोबर १९६९ चा पॅरिसच्या ऑलिंपियातला शो दिला. तो पहिला अल्बम त्यांनी असा भराभर रेकॉर्ड केला होता की त्यात उरायला किती उरणार.

म्हणून पुढच्या वेळी कुठल्याही बँडची वाट बघताना आधी हे बघा: त्यांनी उरलेल्या गाण्यांचा एखादा अल्बम आधीच काढलाय का, बी-साइड एकत्र करून विकल्यात का, जुना बॉक्स सेट निघून गेलाय का. असेल तर अपेक्षा निम्म्यावर आणा.

मुंबईत रेकॉर्ड केलेली झेपलिनची गाणी म्हणतात ती खरी की गप्पा?

खरी! आणि या सगळ्या पेट्यांत माझ्यासाठी सगळ्यात मोठा माल हाच.

ऑक्टोबर १९७२ मध्ये जपानचा दौरा आटपून परतताना जिमी पेज आणि झेपलिनचा गायक रॉबर्ट प्लांट मुंबईत थांबले होते. तिथं त्यांनी आपल्या इथल्या वादकांना घेऊन स्टुडिओत ‘फ्रेंड्स’ आणि ‘फोर स्टिक्स’ ही दोन गाणी पुन्हा केली, तबला आणि तारवाद्यं घेऊन. कितीतरी वर्षं हे चोरून काढलेल्या टेपांवरच फिरत होतं, कॉपीची कॉपी, त्यात खरखर जास्त आणि गाणं कमी. शेवटी २०१५ च्या ‘कोडा’च्या आवृत्तीत ती अधिकृत आली, ‘फोर स्टिक्स’चं नाव तिथं ‘फोर हँड्स’ केलंय.

लोक विचारतात की ‘फ्रेंड्स’ तर तिसऱ्या अल्बमचं गाणं, मग तिसऱ्याच्या पेटीत का नाही. तर तो अल्बम १९७० चा आणि हे रेकॉर्डिंग दोन वर्षांनंतरचं, त्या वेळच्या कुठल्याच अल्बमचं ते नव्हतं, आणि ‘कोडा’ हे बेवारस गाण्यांचंच घर आहे. त्याच ‘कोडा’त ‘हे हे व्हॉट कॅन आय डू’ पण आहे, जे १९७० साली ‘इमिग्रंट साँग’च्या मागच्या बाजूला आलं होतं.

भुसावळहून रात्री गाडीत बसलं की सकाळी मुंबई, आणि तिथं कधीकाळी प्लांट कुलाब्यात फिरत होता, हे डोक्यात आलं की ते गाणं अजून जवळचं वाटतं. मुंबईचंच म्हणाल तर जॉर्ज हॅरिसननं पण जानेवारी १९६८ मध्ये तिथल्या एचएमव्हीच्या स्टुडिओत भारतीय वादकांसोबत ‘द इनर लाइट’चं संगीत रेकॉर्ड केलं होतं, आणि त्याची नुसत्या वाद्यांची एक टेक २०१८ च्या व्हाइट अल्बमच्या पेटीत बोनस म्हणून आहे. इन्स्ट्रुमेंटलला हुरळू नका असं वर म्हटलंय, हे त्याला अपवाद.

काही गाणी रेकॉर्ड झालीत हे सगळ्यांना माहिती असतं, तरी ती बाहेर का येत नाहीत?

कारणं बरीच. बँडमधल्या कुणाला तरी ते आवडत नाही, कुणाचे वारस सही करत नाहीत, कधी टेपच नीट नसते.

‘हेल्टर स्केल्टर’ची २७ मिनिटांची एक टेक आहे, जुलै १९६८ ची. चाहते ती ऐकायला कधीपासून टपून बसलेत. २०१८ ची पेटी येणार कळल्यावर सगळ्यांना वाटलं आता तरी येईल. आली ती त्याच दिवसाची दुसरी टेक, जवळपास १३ मिनिटांची. चांगली आहे, पण २७ चे १३ झाले म्हटल्यावर लोकांचे चेहरे बघण्यासारखे होते. ‘कार्निव्हल ऑफ लाइट’ म्हणून जानेवारी १९६७ चा त्यांचाच एक १४ मिनिटांच्या आसपासचा आवाजांचा प्रयोग आहे, तो पॉल मॅकार्टनीला नव्वदच्या दशकात ‘अँथॉलॉजी’ या जुन्या रेकॉर्डिंगच्या संचात घ्यायचा होता, बाकीच्यांनी नको म्हटलं. २०१७ च्या सार्जंट पेपरच्या पेटीत पण नाही आला.

उलट उदाहरण पिंक फ्लॉइडचं. त्यांचा सुरुवातीचा गायक सिड बॅरेट, त्याची ‘व्हेजिटेबल मॅन’ आणि ‘स्क्रीम दाय लास्ट स्क्रीम’ ही १९६७ ची गाणी, तेव्हा दाबून ठेवलेली, ती नोव्हेंबर २०१६ मध्ये ‘द अर्ली इयर्स’ या पेटीत अधिकृतपणे आली. जवळपास पन्नास वर्षांनी. म्हणजे आशा सोडायची नाही, फक्त तारीख धरून बसायचं नाही.

डिसेंबरमध्ये अचानक काहीतरी जुनं काढतात आणि गायब करतात, ते काय असतं?

तो कायद्याचा खेळ आहे. युरोपात २०११ मध्ये नियम बदलला आणि रेकॉर्डिंगचा हक्क ५० वरून ७० वर्षांचा झाला, पण अट अशी की ५० वर्षांच्या आत ते बाजारात आलेलं पाहिजे. जे कपाटातच पडून राहिलं त्याचा हक्क जातो. मग कंपन्या वर्ष संपता संपता धावपळ करतात. २०१२ मध्ये बॉब डिलनचा असाच एक संच फक्त शंभरेक प्रतींत निघाला, आणि डिसेंबर २०१३ मध्ये बीटल्सची १९६३ ची ५९ रेकॉर्डिंग आयट्यून्सवर आली. यात चाहत्यांवर प्रेम वगैरे काही नाही, तारीख सांभाळायची असते. तरी आपला फायदा होतोच. कुठल्या बँडला कुठल्या वर्षी पन्नास पूर्ण होतात हे मोजून ठेवलं तर डिसेंबरमध्ये लक्ष कुठं ठेवायचं ते कळतं.

टेप भट्टीत भाजतात असं ऐकलं, हे खरं का?

खरं आहे. सत्तरच्या दशकाच्या मधल्या काळापासून ऐंशीच्या दशकापर्यंतच्या काही टेपांचा गोंद हवेतला ओलावा पिऊन चिकट होतो, मशीनवर लावली की चर्र आवाज करत थांबते आणि लेप निघून येतो. मग ती पन्नासच्या वर थोड्या अंश तापमानाला कित्येक तास ठेवतात, गोंद काही दिवस पुरता सुधारतो आणि तेवढ्यात तिची कॉपी काढून घेतात. मजा म्हणजे साठीतल्या टेपा बऱ्याचदा यापेक्षा चांगल्या टिकल्यात.

आणि नाही, मे महिन्यात भुसावळच्या पत्र्याखाली ठेवून हे घरी होत नाही. तापमान एकसारखं लागतं. विचारणारे विचारतात म्हणून लिहिलं.

मागच्या आवृत्तीतला बोनस ट्रॅक पुढच्या आवृत्तीत असतोच ना?

अजिबात खात्री नाही. मेटॅलिकाच्या ‘किल एम ऑल’च्या १९८८ च्या आवृत्तीत ‘ॲम आय ईव्हल’ आणि ‘ब्लिट्झक्रीग’ ही दोन गाणी जास्तीची होती, दोन्ही दुसऱ्या बँडची. नंतरच्या आवृत्त्यांत काढून टाकली, आणि ती १९९८ च्या ‘गॅरेज इन्क’मध्ये जाऊन बसली. ज्यांनी कॉलेजात तीच कॉपी ऐकली त्यांच्यासाठी तो अल्बम आता दोन गाण्यांनी अपुरा आहे. म्हणून जुनी सीडी विकायच्या आधी यादी शेजारी शेजारी ठेवून बघा.

लगेच घ्यायचं की थांबायचं?

थांबा. ‘द अर्ली इयर्स’ची ती २७ डिस्कची पेटी ज्यांनी घेतली त्यांना पुढच्याच वर्षी, मार्च २०१७ मध्ये, त्यातले बहुतेक भाग सुटे विकायला आलेले दिसले. ज्याला फक्त सिड बॅरेटची गाणी पाहिजे होती त्याचं काम एका भागात झालं असतं. नंबर घातलेली मर्यादित प्रत असेल आणि तुम्हाला तीच पाहिजे असेल तर गोष्ट वेगळी, पण ती तुम्ही ऐकायला घेत नाही आहात, हे मान्य करून घ्या.

आधी स्ट्रीमिंगवर ऐकायचं, यादीतल्या प्रत्येक ओळीवर बोट ठेवायचं, आणि नवीन काय ते मोजायचं. सराफाकडं जसं घडणावळ वेगळी आणि सोनं वेगळं विचारतो तसं इथं पुस्तक, पोस्टर, चकचकीत खोका वेगळा आणि नवीन मिनिटं वेगळी मोजायची. परदेशातून मागवलं तर कस्टमचे पैसे वर लागतात ते पण धरा, खूप जण तेच विसरतात आणि पार्सल दारात आल्यावर घरच्यांसमोर तोंड लपवतात.

एलपी घ्यावी का? आपल्या हवेत टिकते का?

टिकते, पण उन्हाळ्यात मागवू नका. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडं पारा पंचेचाळीसच्या आसपास, आणि कुरियरच्या बंद गाडीत त्याहून किती जास्त ते विचारू नका. एलपीचं प्लॅस्टिक, म्हणजे पीव्हीसी, गरम झालं की वाकतं, आणि वाकलेली एलपी सरळ करायचे जे उपाय लोक सांगतात त्यात बऱ्याचदा ती जास्त बिघडते. उभी ठेवा, आडव्या थप्प्या नकोत, पश्चिमेच्या भिंतीला तर नकोच नको. वाजवताना लाइट गेली तर सुई उचलून घ्या, नाहीतर गायक म्हशीसारखा हंबरत हंबरत थांबतो आणि शेजारची पोरं ते ऐकायला पुन्हा येतात.

आई विचारते एकच गाणं पाच वेळा का ऐकतोस. काय सांगू?

सांग की पाचही वेगळी आहेत. पटणार नाही. हेडफोन घे.

बोनस ट्रॅक अल्बमला लागूनच ऐकायचे का?

मी तरी नाही ऐकत. अल्बमचं शेवटचं गाणं शेवटी ठेवलंय त्याला कारण असतं, आणि ते संपून दोन सेकंद झाले नाहीत तोवर पहिल्याच गाण्याचं रफ मिक्स सुरू झालं की सगळा रंग उतरतो. स्ट्रीमिंगवर तर डिलक्स आवृत्ती वर दिसते आणि साधी खाली कुठंतरी दडलेली असते. साधी शोधून सेव्ह करून ठेवा, बोनसची वेगळी प्लेलिस्ट करा. झेपलिननं जास्तीचं वेगळ्या डिस्कवर दिलं हे मला म्हणूनच आवडलं, बाकी तक्रारी काही पण असोत.

आपल्या अहिराणी गाण्यांच्या जुन्या कॅसेटचं असं काही होईल का?

हा प्रश्न हल्ली वाढलाय आणि बरं झालं वाढलाय.

रीइश्यूला तीन गोष्टी लागतात: चांगली मूळ टेप, हक्क कुणाकडं आहेत ते कागदावर, आणि घेणारे लोक. घेणारे आपल्याकडं आहेत, लग्नाच्या हळदीला अजून ती गाणी लागतात. अडतं पहिल्या दोन गोष्टींवर. छोट्या कंपनीची मास्टर टेप कुठं गेली हे सांगणारा माणूस सापडला तरी नशीब, आणि गाणाऱ्यानं एकदा पैसे घेऊन सही केली की नाही हे त्याला स्वतःला पण आठवत नसतं. मग उरते ती घराघरांतली कॅसेट. तीच आता मास्टर समजून सांभाळायची.

कुणाच्या घरी असतील तर एवढं करा. आधी कॅसेट पुढं-मागं एकदा पूर्ण गुंडाळून घ्या. डेकचं हेड स्पिरिटनं पुसा. आवाज दबका येत असेल तर हेडशेजारचा छोटा स्क्रू अगदी हळू फिरवून जिथं तार स्वर सगळ्यात स्पष्ट येतो तिथं थांबा. रेकॉर्डिंग वेव्ह फाइलमध्येच करा, एमपीथ्री नंतर बनवता येते. खरखर काढायच्या सॉफ्टवेअरला मूळ फाइलवर हात लावू देऊ नका, कॉपीवर काय करायचं ते करा. आणि आतल्या कागदाचा दोन्ही बाजूंनी फोटो काढा, वादकांची नावं तिथंच असतात आणि दुसरीकडं कुठंच नसतात. मध्ये कुणी खोकलं, कुणी ‘चाल रे भो’ म्हटलं तर ते कापू नका, पुढं ऐकणाऱ्याला तेच सगळ्यात आधी पाहिजे असेल.

तुमच्याकडच्या पेट्या ऐकायला मिळतील का?

ऐकायला या, जळगावात असाल तर रविवारी दुपारी. घरी न्यायला मिळणार नाहीत. येताना केळीचे वेफर आणले तर चालतील पण हात पुसल्याशिवाय डिस्कला हात लावायचा नाही.